तुरळक ठिकाणी

उन्हाळ्यातला हवामान अंदाज हा मराठी गद्यातला सर्वांत आखूड आणि सर्वांत सावध लेखनप्रकार आहे. नाशिकमध्ये तो एप्रिल महिन्यात, साधारणपणे गुरुवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी सकाळी, म्हणजे शनिवार-रविवारचे सगळे बेत ठरून त्यांचे पैसेही भरून झाल्यावर, मोबाईलवर अवतरतो. मजकूर बहुधा असा असतो : ‘शनिवार व रविवार रोजी नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता. यलो अलर्ट.’ एवढ्या लांबलचक वाक्यात क्रियापद एकही नाही. पाऊस पडेल, असे त्यात कुठे म्हटलेले नाही. पडणार नाही, असेही नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचे मात्र क्रियापदावाचून भागत नाही, म्हणून ते शेवटी ‘वर्तविण्यात आली आहे’ असे जोडते. कर्मणी प्रयोगाचा शोध याच कामासाठी लागला असावा. ‘वर्तवणे’ हे क्रियापदही मराठीत दोनच व्यवसायांना लागते, आणि त्यातला दुसरा तळहात पाहून चालतो.

हे वाक्य जिथून निघते ते भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. एप्रिलच्या दुपारी त्या इमारतीजवळच्या चौकातल्या सिग्नलला उभे राहणाऱ्याला नावातल्या सिमल्याचा फारसा उपयोग होत नाही, हे वेगळे. नाशिकचा अंदाज मात्र मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून, कुलाब्याहून येतो. कुलाब्याच्या खिडकीतून ना द्राक्षबाग दिसते, ना कांद्याची चाळ. दिसतो तो समुद्र. पण नाशिकला उन्हाळी पावसासाठी लागणारी निम्मी सामग्री तिथूनच येत असल्याने ही बैठक अगदीच गैरसोयीची म्हणता येत नाही.

खात्याने महाराष्ट्राचे चार हवामान उपविभाग केले आहेत : कोकण (यात गोवाही येतो), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. नाशिक ‘मध्य महाराष्ट्रा’त मोडते. हा मध्य महाराष्ट्र नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत दहा जिल्ह्यांचा आहे आणि त्याच्या एका टोकाला गुजरात, तर दुसऱ्याला कर्नाटक लागते. मध्य या शब्दाचा याहून उदार अर्थ शोधून सापडणार नाही. नाशिककर स्वतःला उत्तर महाराष्ट्राचा समजतो, तिथले वर्तमानपत्रही तसेच छापते. त्यामुळे ‘मध्य महाराष्ट्रात पावसाची शक्यता’ असे दूरदर्शनवर ऐकू आले की तो दुसऱ्या कुणासाठी तरी हळहळून चॅनल बदलतो.

आता अंदाजातले शब्द. ते बोलीतल्यासारखे दिसले, तरी प्रत्येकामागे आकडा आहे, आणि सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो. ‘शक्यता’ म्हणजे २५ ते ५० टक्के. ‘दाट शक्यता’ म्हणजे ५० ते ७५. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे त्याच्या पुढे निम्म्यापर्यंत. मग ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि शेवटी ‘बहुतांश ठिकाणी’. हलका पाऊस २.५ मिलिमीटरला सुरू होतो आणि मध्यम पाऊस ६४.४ मिलिमीटरला संपतो. म्हणजे ‘हलका ते मध्यम’ या तीन निरागस शब्दांत अंगणातली धूळ जेमतेम बसवणाऱ्या सरीपासून तळमजल्यातल्या दुकानाचे शटर पाण्याखाली घालणाऱ्या सरीपर्यंत सगळे बसते. वरचे टोक खालच्या टोकाच्या पंचवीस पट आहे. एखाद्याने मुलीच्या लग्नाला ‘चाळीस ते हजार पाहुणे येण्याची शक्यता आहे’ असे आचाऱ्याला सांगावे, त्यातला हा प्रकार.

ढोबळ गुणाकार करून पाहण्यासारखा आहे. पावसाची शक्यता जास्तीत जास्त निम्मी आणि तो पडलाच तर जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. निम्मे गुणिले पाव म्हणजे एक अष्टमांश. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी शक्यता’ असा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, तरी एका विशिष्ट गच्चीवर पाऊस पडण्याचा संभव आठात एक. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा मराठीतला बहुधा सर्वांत जुना हवामानविषयक विनोद. तो आठांपैकी सात वेळा बरोबर येतो, त्यात विनोद करणाऱ्याचे कर्तृत्व शून्य आहे. अंदाज दिलेला असतो जिल्ह्याचा. प्रश्न विचारलेला असतो गच्चीचा. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असून वर्षानुवर्षे एकमेकांना खोटे समजत आले आहेत.

रंगांनी या गोंधळात भर घातली. हिरवा म्हणजे काही करायला नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हे रंग मुळात प्रशासनासाठी होते. आता ते घराघरांत पोचले. पण उन्हाळ्यातल्या शनिवारी नाशिकमध्ये पिवळ्या रंगाला आधीच दोन कामे असतात. ताटात आमरस आणि अंगाला हळद. त्यात तिसरा पिवळा आला म्हणून कुणाचे लक्ष वेधले जाईल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

पाऊस प्रत्यक्षात तयार होतो तो असा. एप्रिलमध्ये पारा अडतीस-चाळिसाच्या आसपास घुटमळू लागतो, जमीन तापते आणि तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर निघते. नुसत्या तापलेल्या कोरड्या हवेतून वावटळीपलीकडे काही निघत नाही. त्यासाठी बाष्प लागते. ते अरबी समुद्रावरून घाट चढून येते किंवा बंगालच्या उपसागरावरून अर्धा देश ओलांडून येते. खानदेशाकडून येणारे कोरडे, तापट वारे आणि हे दमट वारे राज्याच्या डोक्यावर कुठेतरी एकमेकांना भेटतात. भेटीच्या त्या रेषेला हवामानशास्त्रात द्रोणिका म्हणतात आणि बातम्यांत ‘कमी दाबाचा पट्टा’. वरच्या थरात हवा पुरेशी थंड असेल, तर खालून निघालेला गरम बुडबुडा थांबायचे नावच घेत नाही. दुपारी दोनला जो ढग कापसाच्या बोळ्याएवढा असतो, तो चारला बारा-पंधरा किलोमीटर उंच होतो. विमानेसुद्धा त्याला वळसा घालून जातात. साडेचार-पाच किलोमीटरच्या वर त्यातले पाणी गोठणबिंदूखाली जाते, गारांची भट्टी तिथेच लागते. गारांना भट्टी लागणे हे भाषेला चमत्कारिक वाटले तरी शेतकऱ्याला वाटत नाही.

हा ढग उंचीला राक्षस असला तरी रुंदीला किरकोळ असतो. सुटा ढग पाच-दहा किलोमीटर रुंद आणि आयुष्य अर्धा ते एक तास. आठ किलोमीटर रुंदीचा गोल ढग धरला तर त्याखाली पन्नास चौरस किलोमीटर जमीन येते. नाशिक जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,५३० चौरस किलोमीटर. सगळा जिल्हा एका वेळी भिजवायचा तर असे तीनशेहून अधिक ढग मांडवाच्या कनातीसारखे एकमेकांना खेटून उभे करावे लागतील. तेवढे कधी येत नाहीत. येतात दोन-चार, तेही सांगून नाही.

हवामान प्रारूपांचे संगणक अलीकडे फार बलवान झाले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘अर्क’ नावाचा महासंगणक आहे आणि २६ मे २०२५ रोजी सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ देशावर सहा किलोमीटरची चौकट टाकून गणित करते. आधी ती बारा किलोमीटरची होती. प्रगती मोठीच. पण जाळ्याचे भोक सहा किलोमीटरचे आणि मासाही साधारण तेवढाच, अशी ही मासेमारी आहे. नाशिकच्या पंचवटी आणि सिडको या दोन भागांतल्या लोकांना आपण एकाच चौकटीत मोडू शकतो, हे ऐकूनसुद्धा आवडणार नाही.

त्यात नाशिक जिल्हा हा हवामानाच्या दृष्टीने एक जिल्हा नाहीच. पंधरा तालुके आहेत आणि त्यांचे आपसात पटत नाही. पश्चिमेला इगतपुरी पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर भिजते. पूर्वेला नांदगाव-येवल्याला त्याच्या सहाव्या भागात वर्ष काढावे लागते. मालेगाव एप्रिलमध्ये त्रेचाळीसवर जाऊन बसते. निफाडच्या कुंदेवाडीचे गहू संशोधन केंद्र डिसेंबर-जानेवारीत राज्यातला सर्वांत कमी पारा नोंदवून पहिल्या पानावर येते. नाशिक शहर सुमारे सहाशे मीटर उंचीवर बसून, रात्री गार वारा सुटतो याचा अभिमान बाळगते; तो वारा अलीकडे उशिरा सुटतो, पण अभिमान वेळेवर असतो. या सगळ्यांना मिळून अंदाज एक. खात्याने घाटमाथ्याचा इशारा हल्ली वेगळा द्यायला सुरुवात केली, म्हणजे ‘नाशिक’ आणि ‘नाशिक घाट’ अशा दोन ओळी झाल्या. शिल्लक तेरा ओळींची वाट पाहणे चालू आहे.

या पावसाच्या नावावरही एकमत नाही. शहरात गच्चीवर पडला की तो वळीव असतो, आणि लोक मातीच्या वासाचे फोटो काढायचा प्रयत्न करतात. तोच पाऊस दहा किलोमीटरवर दिंडोरीच्या रस्त्याला लागला की अवकाळी होतो. आणि हवामान खात्याच्या लेखी मार्च ते मे हा अख्खा हंगामच मान्सूनपूर्व असल्याने, तिथे हा पाऊस कधी अवकाळी नसतोच. उलट अगदी वेळेवर आलेला असतो. २०२५ मध्ये हा घोळ कळसाला गेला. त्या वर्षी नैर्ऋत्य मोसमी पाऊस २५ मे रोजी, तोही रविवारी, महाराष्ट्रात दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचला; मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून. वळीव कुठे संपला आणि पावसाळा कुठे सुरू झाला, याचा निवाडा शेवटपर्यंत झाला नाही. छत्री दुरुस्त करणाऱ्यांचा हंगाम तेवढा बुडाला.

अंदाज पोचल्यावर त्याचे काय होते, हे तो कुणाकडे पोचला यावर ठरते.

पहिला वाचक गच्चीवर असतो. एप्रिल म्हणजे वाळवणाचा महिना : गव्हाच्या कुरडया, ज्वारीचे पापड, बटाट्याचा कीस, सांडगे. कुरडईचा चीक तीन दिवस गहू भिजवून निघतो. म्हणजे शनिवारच्या कुरडयांचा निर्णय बुधवारीच झालेला असतो आणि अंदाज येतो शुक्रवारी. भिजवलेले गहू थांबत नाहीत. अशा वेळी सासूबाई आकाशाकडे पाहतात, सूनबाई मोबाईलकडे पाहतात आणि दोघी जुने पातळ अंथरायला घेतात. गच्चीवर एका जाणत्या मुलाला कावळे हाकायला बसवलेले असते. पावसाचे पहिले थेंब पडताच त्याने ओरडायचे, अशी व्यवस्था असते. तो ओरडतो, पण आनंदाने, आणि खालच्यांना फरक कळेपर्यंत कीस पुन्हा बटाटा होण्याच्या मार्गाला लागलेला असतो.

दुसरा वाचक लॉन्सवर असतो. नाशिकमधून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर शेताशेतांतून लग्नाची लॉन्स उगवली आहेत. लॉन्स हा शब्द मराठीने एकवचनी करून घेतला आहे. हिरवळ, दिव्यांच्या माळा, कापडी कमानी, मध्ये कारंजे. छत मात्र ऐच्छिक. ज्यांना गोरज मुहूर्त मिळतो त्यांची परीक्षा अधिक कडक. गोरज म्हणजे सूर्यास्ताची वेळ. उन्हाळी ढग दुपारी तीननंतर वाढीला लागतात आणि संध्याकाळीच फुटतात. जमीन दिवसभर तापल्यावर ढग बनतो, हे भौतिकशास्त्र. गाई घरी परतताना लग्न लावावे, हे धर्मशास्त्र. दोन्ही शास्त्रांनी एकच वेळ काढलेली आहे. मांडववाल्याला विचारले, तर तो कनातीची दोरी एकदा ओढून पाहतो आणि ‘काही होत नाही, दादा’ असे सांगतो. हाही अंदाजच असतो, आणि त्यात शक्यता हा शब्द नसल्याने लोकांना तो जास्त पटतो.

रविवारचा एकच कार्यक्रम या सगळ्याच्या बाहेर राहतो, तो म्हणजे मिसळ. मखमलाबाद किंवा गंगापूर रोडच्या बाजूला सकाळी नऊ-दहाला जाऊन, रांगेत उभे राहून, पापडासकट मिसळ खाऊन माणूस साडेअकराला घरी परततो. ढगाला त्या वेळी अजून जागही आलेली नसते. हवामानाच्या दृष्टीने याहून विचारपूर्वक आखलेला कार्यक्रम शहरात दुसरा नाही.

तिसऱ्या वाचकाला मात्र अंदाज हा विनोदाचा विषय नसतो. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढणीला आलेला किंवा काढून शेतात ढिगाला लावलेला असतो. हा कांदा चाळीत ठेवला तर पाऊसकाळापर्यंत टिकतो आणि त्याच्या भरवशावर लासलगावचा बाजार चालतो. पण भिजलेला कांदा चाळीत गेला तर आतून सडतो आणि शेजाऱ्यालाही घेऊन जातो. म्हणून शुक्रवारच्या अंदाजानंतर गावात ताडपत्रीचा आणि प्लॅस्टिकच्या कागदाचा भाव पाहण्यासारखा असतो. पावसाच्या शक्यतेचे बाजारभावात रूपांतर करण्याचे हे एकमेव बिनचूक यंत्र. पिंपळगाव-निफाडकडे बेदाण्याचे शेड भरलेले असतात. द्राक्ष सुकून बेदाणा व्हायला दोनेक आठवडे लागतात आणि एक ओला दिवस त्याचा रंग घालवतो. ज्या बागांची काढणी होऊन खरड छाटणी झाली, त्या सुटल्या असे परक्याला वाटते. तसेही नाही. छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, नव्या काडीवरच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात ठरत असतो आणि त्याला स्वच्छ ऊन लागते. पाऊस पडलाच नाही, नुसते आभाळ येऊन गेले, तरी त्याचा हिशेब पुढच्या फेब्रुवारीत कळतो. शहरी माणूस ‘आज काय छान ढगाळ आहे’ म्हणतो तेव्हा द्राक्षवाल्याचा चेहरा बघू नये.

गारपीट तर या सगळ्यांच्या पलीकडची. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर झालेली गारपीट आजही शेतकऱ्यांच्या बोलण्यात सालासारखी येते, ‘गारपिटीच्या आधी’ आणि ‘गारपिटीनंतर’. २६ नोव्हेंबर २०२३ ला, पुन्हा रविवारीच, निफाडच्या बाजूच्या बागांवर गारा पडल्या. द्राक्षांचे मणी तेव्हा वाटाण्याएवढेही धड झाले नव्हते. यलो अलर्टमधला ‘लक्ष ठेवा’ हा सल्ला तिथे अपुरा पडतो, कारण लक्ष तर सगळे ठेवूनच असतात.

शेतकऱ्यांसाठी खाते वेगळा कृषी सल्लाही काढते, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यात ‘काढणी केलेला माल सुरक्षित ठिकाणी ठेवावा’ हे वाक्य असते. सुरक्षित ठिकाण कोणते, हे दिलेले नसते. अंदाजावर विश्वास ठेवून फसल्याचा राग २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी सरळ पोलीस ठाण्यात नेला आणि हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. पाऊस सांगितला, पेरण्या केल्या, पाऊस आलाच नाही, असा मुद्दा होता. कायद्यात ढगाला आरोपी करण्याची सोय नसल्याने खात्याचे नाव लावावे लागले.

सरकारी अंदाजाला प्रतिस्पर्धी बरेच. पंचांगाची पद्धत सर्वांत रंगतदार : सूर्य पर्जन्यनक्षत्रात शिरतो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून पावसाचे वाहन काढायचे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर मध्यम. कोल्हा आणि मेंढा म्हणजे बोंब. घोडा डोंगराकडे पाऊस नेतो. हिरवा-पिवळा-केशरी-लाल यापेक्षा ही नऊ वाहने लक्षात ठेवायला सोपी आहेत, हे हवामान खात्यानेही मान्य करायला हरकत नाही. अडचण एवढीच की वाहनांची यादी मृगाच्या आसपास सुरू होते. एप्रिलच्या मध्यानंतर सूर्य अश्विनी-भरणीत असतो आणि तिथल्या पावसाला वाहनच नेमलेले नाही. अवकाळी पायी येतो, म्हणूनच बहुधा त्याची वेळ सांगता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे भाकीत येते. पण त्यात सगळ्या पावसाळ्याची, पिकांची आणि देशाच्या गादीचीही चौकशी असल्याने येत्या रविवारच्या हळदीसारखा किरकोळ प्रश्न तिथे विचारता येत नाही. सहदेव-भाडळीच्या परंपरेतल्या खुणा उरतात : मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, चिमण्या धुळीत न्हाल्या, टिटवीने अंडी उंचावर घातली. सिडकोच्या चौथ्या मजल्यावरून टिटवीची अंडी दिसत नाहीत. तिथे आजोबांचा गुडघा पाहतात.

मोबाईलमधली परदेशी ॲप्स टक्क्यांत बोलतात : रविवार, सायंकाळी सहा, ४० टक्के. या चाळीस टक्क्यांचे नाशिकमध्ये निदान तीन अर्थ प्रचलित आहेत. चाळीस टक्के शहरात पाऊस पडेल, हा एक. चाळीस टक्के वेळ पडेल, हा दुसरा. आणि परीक्षेच्या सवयीने, पस्तीसच्या वर आहे म्हणजे पास, नक्की पडणार, हा तिसरा. तशाच परिस्थितीत दहा वेळा पाहिले तर चार वेळा त्या ठिकाणी पाऊस होईल, हा खरा अर्थ. तो कुणी सांगितला तर बाकीचे ‘म्हणजे पडणार की नाही ते बोल’ असे म्हणतात. त्याहून विश्वासू ‘दामिनी’, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ॲप. ते वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात कुठे वीज पडते आहे ते दाखवते. ॲप खरोखर उपयोगी आहे. शेतातल्या माणसाने ते पाहून झाडाखालून निघावे, यासाठीच ते आहे. आकाशातली वीज कुठे पडली हे त्यावरून काही मिनिटांत कळते. घरातली वीज कधी येणार, हे सांगणारे ॲप अजून निघायचे आहे.

प्रत्यक्ष शनिवार कोरडा जातो. हा जवळजवळ नियम म्हणावा. दिवसभर उकडते, वारा पडतो, पूर्वेकडे ढग जमतात आणि सात वाजता कुणीतरी बोलावून घेतल्यासारखे सिन्नरकडे निघून जातात. रात्री गल्लीगल्लीत अंदाजाची निंदा होते. सिन्नरमध्ये त्याच वेळी पत्रे उडत असतात, पण ती बातमी सोमवारची. रविवारी सकाळी माणसे निर्धास्त होतात. मोबाईलवर ‘येत्या तीन तासांत’ असा तात्कालिक इशारा येतो तेव्हा दुपारची झोप चालू असते. मग पाच वाजता उजेड अचानक पिवळट होतो. पावसाआधी ढगातून थंड हवेचा लोट खाली कोसळतो आणि जमिनीवर चहूकडे पसरतो. त्याच्या पुढे धूळ असते, धुळीच्या पुढे पिशव्या, पिशव्यांच्या पुढे दुचाकीवरची माणसे. पारा काही मिनिटांत आठ-दहा अंश उतरतो. खिडक्या आपटतात, लाइट जाते, गच्चीवर दोरी सोडवण्याची झटापट होते. लॉन्सवर भटजी मंगलाष्टकांची लय वाढवतात आणि शेवटची दोन एका श्वासात घेतात. ‘सावधान’ हा शब्द त्या संध्याकाळी पहिल्यांदा सर्वांना एकाच वेळी पटतो. वीस मिनिटांत सगळे आटपते. मग बेडूक नसतानाही कुठून तरी बेडकाचा आवाज येतो आणि लोक गार हवा खायला बाहेर पडतात.

सोमवारच्या वर्तमानपत्रात हा पाऊस दोनदा येतो. शहराच्या पानावर : ‘उकाड्यापासून नाशिककरांना दिलासा’. ग्रामीण पानावर : ‘अवकाळीचा तडाखा, बळीराजा हवालदिल’. मधल्या घडीवर, दोन्ही बातम्यांना सामाईक, नागरिकांची तारांबळ. नुकसान झालेल्या गावात पंचनाम्याचे आदेश निघतात. मदतीसाठी पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावे लागते, आणि अतिवृष्टी ठरायला महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाणी जमावे लागते. पर्जन्यमापकाचे तोंड एखाद्या वरणाच्या वाडग्याएवढे. पाऊस मंडळात कुठेही पडला तरी सरकारदरबारी तो त्या वाडग्यात पडलेला असावा लागतो, आणि ढगाला मंडळाची हद्द कुणी दाखवलेली नसते.

शेवटची नोंद शहरातल्या केंद्रावर होते. खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला बदलतो. साडेआठला मापक पाहायचा आणि मागच्या चोवीस तासांत जमलेले पाणी त्या दिवसाच्या तारखेला लिहायचे. त्यामुळे रविवारी सकाळी साडेआठची नोंद शनिवारच्या संध्याकाळची असते, म्हणजे शून्य. रविवारच्या संध्याकाळी पडलेला पाऊस सोमवारच्या तारखेला लागतो. मापकात समजा दोन मिलिमीटर आणि वर दोन दशांश भरले. २.५ च्या खालचा पाऊस ‘अतिहलका’ आणि तेवढा पाऊस झालेला दिवस पावसाळी दिवसांत धरत नाहीत. कुरडया भिजल्या, मांडव पडला, लाइट रात्री साडेअकराला आली. दप्तरात मात्र तो शनिवार कोरडा, रविवार कोरडा, आणि सोमवारही पावसाळी दिवस नव्हे. नवा कृषी सल्ला मंगळवारी येतो.